ऐंशी-वीस

बंपरची पाचवी क्लिप उचकटताना तुटली. नंदकिशोर दातारने ती तळहातावर घेतली, तिच्याकडे रागाने बघितलं आणि म्हणाला, "घे, तुझीही वीस टक्के चूक."

जपानमधल्या उरायासु शहरात त्यांच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी दुसरं कुणी नव्हतं. चौदा नंबरच्या जागेत अठरा वर्षं जुनी राखाडी गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यापुढे वर्तमानपत्र पसरून त्याने सगळं सामान मांडलं होतं. वीतभर लांबीच्या दोन एलईडी पट्ट्या, काडेपेटीएवढा काळा कंट्रोल बॉक्स, दुहेरी टेप, वायरी जोडायच्या क्लिपा आणि वायरीत वीज आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प. दिवसा लावायचे दिवे होते ते. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच येतात, गाडी सुरू केली की आपोआप लागतात. जुन्या गाडीला बाहेरून आणून बसवावे लागतात, आणि बसवायचेच तर नंदकिशोर काही गॅरेजवाल्याला हात लावू देणार नव्हता. तो मूळचा इलेक्ट्रिकलचा माणूस. सॉफ्टवेअरमध्ये आला तो पोटासाठी. वायर हातात आली की अजूनही त्याला वाटायचं, आज काहीतरी खरं काम केलं.

अनुराधा चहाचे दोन मग घेऊन खाली आली. तिने एकदा बंपरकडे आणि एकदा नवऱ्याच्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे बघितलं.

"अजून बंपरच काढतोयस?"

"काढत नाही. वरच्या क्लिपा सैल करतोय. वायर आतून न्यायचीय."

"संध्याकाळी सरळ हेडलाइट लावायचे सोडून हा कुटाणा कशाला, ते मला अजून कळलेलं नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तिने त्याचा मग बाजूच्या कठड्यावर ठेवला. दोन महिने ती हे तत्त्व ऐकत होती. जेवताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघतानासुद्धा.

तत्त्व असं होतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सव्वापाचला, रिपरिप पावसात नंदकिशोर जुन्या वस्तीतल्या नदीकाठच्या रस्त्याने घरी येत होता. आपल्या रस्त्याने, तीसच्या वेगाने, शहाण्या माणसासारखा. डावीकडच्या गल्लीतून एक छोटा पांढरा ट्रक आला. गल्लीच्या तोंडाशी 'थांबा' म्हणून लाल पाटी होती, खाली रस्त्यावर पांढरी रेघ होती. ट्रकवाला थांबला, त्याने दोन्हीकडे बघितलं, आणि मग सरळ पुढे येऊन गाडीच्या डाव्या दारावर आदळला. कुणाला खरचटलंही नाही, दार तेवढं आत गेलं. ट्रकमधून उतरले ते उदागावा-सान. वय शहात्तर, धंदा तातामीचा, म्हणजे घरात अंथरायच्या गवती चटया घरोघरून नेऊन पुन्हा मढवून द्यायचा. पावसात उभे राहून ते चार वेळा कमरेत वाकले, आणि पोलीस आला तेव्हा त्याला तीनच गोष्टी सांगत राहिले. थांबलो होतो. बघितलं होतं. दिवा नव्हता.

दिवा नव्हता म्हणे. नंदकिशोरने पोलिसाला तिथल्या तिथे सांगितलं की दिवे चालू होते, शंभर टक्के चालू होते. आणि हे तो हवेत बोलत नव्हता, त्याच्याकडे पुरावा होता. पुरावा म्हणजे गणपती. ही गाडी त्याने प्रताप नावाच्या सहकाऱ्याकडून घेतली होती, प्रताप कायमचा पुण्याला परत गेला तेव्हा. प्रतापने डॅशबोर्डवर काचेचा छोटा गणपती बसवला होता, त्याच्या पायाशी एक पिवळा दिवा लावला होता आणि तो दिवा गाडीच्या पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून जोडला होता. स्टिअरिंगजवळची दांडी एक घर फिरवली, पार्किंग लाइट लागले, की गणपतीही लागायचा. सव्वापाच म्हणजे अजून उजेड होता, म्हणून त्याने हेडलाइट लावले नव्हते, पण पार्किंग लाइट लावले होते. गणपती लागलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. धक्का बसला तेव्हाही तो लागलेलाच होता. पोलिसाने दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं आणि निघून गेला.

मग आला विमा. नंदकिशोरच्या स्वतःच्या विमा कंपनीतल्या किकुची-सान नावाच्या बाईंनी फोनवर अत्यंत गोड आवाजात सांगितलं की चूक ऐंशी-वीस अशी वाटली गेली आहे. समोरच्यांची ऐंशी टक्के, दातार-सानची वीस.

"माझी वीस कशाबद्दल?"

"दोन्ही गाड्या चालत होत्या ना. चालत्या गाडीची थोडी तरी असतेच. तक्त्यात तसं दिलेलं आहे."

"म्हणजे मी रस्त्यावर होतो हीच माझी चूक."

"तसं अजिबात नाही, दातार-सान," किकुची-सान म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण हो."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्यात कुणी ठोकलं असतं तर रस्त्यातच तासभर भांडण झालं असतं, दहा माणसं जमली असती, त्यातल्या सहांना गाडीतलं काही कळत नसतं, पण शेवटी कुणाचं तरी चुकलं असतं. पूर्ण चुकलं असतं. इथे भांडायला कुणी समोरच येत नव्हतं. दोन कंपन्यांनी फोनवर आपसात चूक वाटून घेतली आणि त्यातला वीस टक्क्यांचा तुकडा त्याच्या पदरात टाकला. असं दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घ्यायला तो आयुष्यात कधी तयार झाला नव्हता.

समोर आले ते एकटे उदागावा-सान. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कोट घालून, मिठाईचा डबा घेऊन ते दारात उभे राहिले. तशी इथली पद्धतच आहे. अनुराधाने डबा दोन्ही हातांनी घेतला, त्यांना आत बोलावलं. ते आत आले नाहीत. दारातच खाली मान घालून म्हणाले, "तुम्हाला फार त्रास दिला. पण दिवा मला दिसला नाही, हे खरं आहे."

हा 'पण' नंदकिशोरला झोंबला. माफी मागायला यायचं आणि वर पण म्हणायचं. मिठाई त्याने खाल्ली नाही. अनुराधाने त्यातली दोन-दोन करून पाळणाघरात नेली, कारण टाकून देणं तिच्या जिवावर आलं. ती एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात आठवड्यातले चार दिवस काम करायची आणि तिचं जपानी त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. म्हणून उदागावा-सानना पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा त्याने ते तिच्याकडूनच लिहून घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर येऊन तिने पेन खाली ठेवलं.

"हे पुढचं मी लिहिणार नाही."

"का? खोटं आहे?"

"खरं असलं तरी नाही लिहिणार. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं कुणी लिहितं का?"

शेवटचं वाक्य मग त्याने मोबाइलवरच्या अनुवादकाकडून करून घेतलं आणि सगळं पत्र टाइप करून पाठवून दिलं. ते वाक्य असं होतं. माझे दिवे चालू होते. ते तुम्हाला दिसले नसतील, तर यापुढे गाडी चालवण्याआधी तुम्ही डोळे आणि डोकं दोन्ही तपासून घ्यावं.

पत्राला उत्तर आलं नाही. परवा, गुरुवारी, किकुची-सानचा फोन आला. चूक आता नव्वद-दहा झाली होती. उदागावा-साननी आपणहून त्यांच्या कंपनीला तसं सांगितलं होतं. आणि आणखी एक, किकुची-सान म्हणाल्या, उदागावा-सान आपला गाडी चालवायचा परवानाही पोलिसांकडे परत देणार आहेत, त्यांच्या मुलाचाही तसा आग्रह आहे, तेव्हा दातार-साननीही आता मनातून हे काढून टाकावं.

नंदकिशोरने फोन ठेवून हातावर हात मारला. "बघ. कबूल झाला म्हातारा."

अनुराधा भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही.

उरलेले दहा टक्के त्याला सलत होतेच. ते काही जाणार नव्हते. पण यापुढे कुणाच्या बापाची 'गाडी दिसली नाही' म्हणायची टाप राहू नये, एवढी व्यवस्था तो करून ठेवणार होता.

त्याने बंपरची जाळी अल्कोहोलने दोनदा पुसली, पट्ट्या चिकटवल्या, लांब जाऊन दोन्ही एका रेषेत आहेत का बघितलं, एक पट्टी काढून पुन्हा चिकटवली. कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून त्याला वायर बांधली आणि रबराच्या बुचातून ती गाडीच्या आत ओढून घेतली. काळी वायर बॉडीच्या बोल्टला लावली. लाल वायर किल्ली फिरवल्यावर जिच्यात वीज येते अशा वायरला जोडली. मग आत बसून किल्ली फिरवली आणि उतरून पुढे आला. दोन्ही पट्ट्या भर उन्हात पांढऱ्याशुभ्र लागल्या होत्या. जाळी दहा वर्षांनी तरुण दिसत होती. त्याला बरं वाटलं.

आता एकच वायर राहिली होती, नारिंगी. ही पार्किंग लाइटच्या वायरला जोडायची, म्हणजे संध्याकाळी गाडीचे दिवे लावले की या पट्ट्या आपोआप बंद होतात. ही जोडली नाही तर गाडी दर दोन वर्षांच्या तपासणीत पास होत नाही. पाच मिनिटांचं काम. त्याने दांडी एक घर फिरवली. गणपती लागला. मग पुढे येऊन त्याने टेस्ट लॅम्पची सुई डाव्या दिव्यामागच्या वायरीत टोचली. टेस्ट लॅम्प लागला नाही.

चुकीची वायर असेल. त्याने शेजारची टोचली. तीही मेलेली. मान तिरकी करून त्याने काचेतून बघितलं, तर डावा पार्किंग लाइटच लागलेला नव्हता. बल्ब गेला असणार. तो उजवीकडे गेला. उजवाही नाही. मागे गेला. मागचे दोन्ही लाल दिवे काळे पडलेले. त्याने आत वाकून दांडी दुसऱ्या घरात नेली, हेडलाइट व्यवस्थित लागले. परत पहिल्या घरात आणली. गणपती तेवढा लागला.

डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय बाहेर ठेवून त्याने फ्यूजचं झाकण काढलं. प्रतापने बसवलेला तो फ्यूज, ज्याच्या कुशीतून गणपतीची वायर निघत होती, चिमट्याने उपसून बाहेर आणला आणि उन्हात धरला. आतली केसासारखी तार मधोमध तुटली होती. भोवती काळा डाग पडला होता.

फ्यूज गेलेला, तरी गणपती कसा लागतो, हे कळायला इलेक्ट्रिकलच्या माणसाला मिनिटही लागत नाही. नंदकिशोरलाही लागलं नाही. असला वायरवाला फ्यूज एकाच बाजूने बसवायचा असतो, म्हणजे त्यातून घेतलेली वीज फ्यूज ओलांडून येते. प्रतापने तो उलटा बसवला होता. गणपतीला वीज फ्यूजच्या अलीकडूनच मिळत होती. पलीकडचे चारही दिवे मेले तरी दांडी फिरवली की हा आपला हसतमुख लागायचा.

तो सीटवर आडवा होऊन पडून राहिला. मग उठला, कारण एक सोयीची गोष्ट त्याला सुचली होती. अनुराधा चहाचे मग न्यायला परत खाली आली तेव्हा त्याने ती लगेच सांगितली.

"अगं, पार्किंग लाइटचा फ्यूज उडालाय. टक्कर झाली ना, तेव्हाच उडाला असणार. धक्क्याने होतं असं."

अनुराधा मग उचलता उचलता थांबली.

"टक्कर झाली तेव्हा?"

"मग कधी?"

"मी तुला जानेवारीत सांगितलं होतं. हिगाशी-कसाईला हळदीकुंकू होतं, तिथून आपण आलो. तू गाडी लावत होतास, मी डबे घेऊन इथे मागे उभी होते. मी म्हटलं, मागचे लाल दिवे लागलेले नाहीत. आठवतंय?"

त्याला आठवलं. आपण काय उत्तर दिलं तेही आठवलं, पण ते तिनेच बोलून दाखवलं.

"तू म्हणालास, बाप्पा लागलाय ना, मग लागलेत. आणि वर हसलास."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"मला काय माहीत तू नंतर बघितलंच नाहीस? इलेक्ट्रिकलचा माणूस. दोन महिने दिवे चालू होते म्हणून घसा फोडत होतास. मला वाटलं, मधे दुरुस्त केले असतील, म्हणूनच एवढ्या खात्रीने बोलतोय."

नंदकिशोरने खिशातून मोबाइल काढला आणि प्रतापला लावला. पुण्यात साडेआठ वाजले असतील. प्रतापने उचलला, मागे मिक्सरचा आवाज येत होता.

"अरे, तो गणपतीचा फ्यूज तू उलटा बसवला होतास," नंदकिशोर ओरडलाच.

"उलटा? बसला असेल बाबा, चार वर्षं झाली. पण बाप्पा लागायचा ना?"

अनुराधाने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला, "नंतर बोलतो हं तो," म्हणून बंद केला, आणि स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"प्रतापला काय फोन करतोयस? ज्याला सांगायचं त्याला सांग."

"सोमवारी किकुची-सानना कळवतो ना. नव्वद-दहाचं जे काय असेल ते..."

"मरू दे तुझं नव्वद-दहा. तो माणूस परवाना परत देतोय. ट्रक नसला तर चटया काय डोक्यावर वाहणार तो? सोमवारी सकाळी पोलिसांकडे गेला म्हणजे?" तिचा आवाज चढला आणि तिनेच तो खाली आणला. "मला लाज वाटते, नंदू. तुझी नाही, माझी. अर्धं पत्र मी लिहिलंय."

"तू चल बरोबर. मला जपानीत एवढं नाही सांगता येणार."

"मी येणार नाही. तुला येतं तेवढ्यात सांग."

त्याने नवा साधा फ्यूज बसवला. चारही दिवे लागले, गणपती विझला. नारिंगी वायरीच्या तोंडाला टेप गुंडाळून ती तशीच आत कोंबली, बॉनेट लावलं, हात धुवायलाही वर गेला नाही. जुना फ्यूज खिशात होता. रस्ताभर तो जपानी वाक्यं जुळवत होता, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आपोआप 'पण' येत होता. तो काढून टाकत टाकत त्याने नदी ओलांडली.

उदागावा-सानचं दुकान नदीपासून तिसऱ्या गल्लीत होतं. सरकतं काचेचं दार उघडंच होतं आणि ताज्या गवताचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत भिंतीला चार-पाच जुन्या चटया टेकवून ठेवलेल्या होत्या. दुकानाला लागून ट्रक उभा करायची जागा होती. तिथे तेलाचा एक डाग होता आणि ट्रक नव्हता.

उदागावा-सान बुटक्या स्टुलावर बसून एका चटईच्या काठाला दाभणाने टाका घालत होते. नंदकिशोरला बघून त्यांनी दाभण खोचून ठेवलं, घाईने उठले आणि वाकायला लागले. त्यांच्या आधी नंदकिशोर वाकला. एवढा खाली तो या देशात कधी वाकला नव्हता.

"दिवे लागलेले नव्हते," तो फरशीकडे बघत म्हणाला. "त्या दिवशी. माझे दिवे बंद होते. मला आज कळलं. बायकोने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही बरोबर होता."

त्याने खिशातला फ्यूज पुढे केला. उदागावा-साननी तो घेतला, दारापाशी जाऊन उजेडात हात लांब करून धरला. चष्मा लावला नाही.

"आत तार आहे," ते म्हणाले. "तुटलेली."

"हो. तुमचे डोळे चांगले आहेत."

"ते मला माहीत आहे. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम ठीक. म्हणून तर भीती वाटली."

नंदकिशोरला वाटलं, आपल्याला जपानी नीट कळलं नाही. "ठीक म्हणाले म्हणून?"

"डोळे ठीक आहेत. समोरून दिवा लावून गाडी येते आहे. आणि मला ती दिसली नाही. मग राहिलं काय?" त्यांनी बोट कपाळावर ठेवलं. "तुम्ही लिहिलंच होतं तसं. तेव्हापासून गॅस बंद केला का ते तीन-तीनदा बघतो. टाके मोजतो. रात्री झोपताना नातवंडांची नावं म्हणून बघतो."

रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"परवाना अजून दिला नसेल तर देऊ नका. मी पोलिसांना सांगतो. विम्याला सांगतो. सगळं लिहून देतो."

"काल दिला."

"परत नाही का मागता येणार?"

"नाही. एकदा दिला की दिला. नव्याने परीक्षा द्यायची, विशीतल्या पोरांबरोबर बसून. या वयात." त्यांनी मोकळ्या जागेकडे मान हलवली. "ट्रक आज सकाळी मुलाने ठरवलेला माणूस घेऊन गेला."

नंदकिशोर पुन्हा वाकला आणि तसाच राहिला. अकरा वर्षांत त्याला इथल्या माणसांची सवय झाली होती. आता ते म्हणतील, इलाज नाही. म्हणतील, मुद्दाम आलात, आभारी आहे. तसं काहीच झालं नाही. त्याने मान वर केली तेव्हा उदागावा-सानच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि ते त्याच्याकडे सरळ बघत होते, इथलं कुणी कुणाकडे बघत नाही तसं. ते वाकले नाहीत. भिंतीजवळच्या फळीवरचा घडीचा मोबाइल त्यांनी उघडला, एक बटण दाबून धरलं, मग स्पीकर लावून तो नंदकिशोरच्या तोंडासमोर आणला.

"मुलगा आहे. त्याला सांगा."

पलीकडून मुलाने उचलला. नंदकिशोरने आपलं नाव सांगितलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. फ्यूज, दिवे, बायको. शेवटी म्हणाला, "तुमच्या वडिलांना बरोबर दिसलं होतं. त्यांना काही झालेलं नाही."

"अरेरे, त्यासाठी तुम्ही मुद्दाम गेलात," मुलाचा आवाज मऊ होता. "फार आभारी आहे. पण खरं सांगू का, दातार-सान, तसंही वय झालंच होतं. आम्ही तीन वर्षं सांगत होतो. तुमचं पत्र आलं म्हणून एकदाचं ऐकलं त्यांनी. आम्हालाच तुमचे आभार मानायचे होते."

नंदकिशोरच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाचे आभार, आणि कशाबद्दल? त्याला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, आणि बोलायचा हक्क त्याला काडीचा नव्हता.

"त्यांची चूक नव्हती," तो म्हणाला. "अजिबात नव्हती."

"हो, हो. असं असतंच, थोडं इकडचं, थोडं तिकडचं. बरं, मी जरा कामात आहे."

उदागावा-साननी मोबाइलची घडी घातली. मग पुन्हा उघडला आणि तेच बटण दाबून धरलं.

"पुन्हा सांगा."

"तेच?"

"तेच. या वेळी त्याला हो-हो म्हणू देऊ नका."

घंटा वाजत राहिली. बराच वेळ वाजली. मग एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला की आता फोन घेता येत नाही, निरोप ठेवावा. नंदकिशोरने उदागावा-सानकडे बघितलं.

"हे चांगलं झालं," ते म्हणाले. "आता त्याला मधे बोलता येणार नाही. पहिल्यापासून सांगा. सावकाश."

बारीक शिट्टी वाजली. नंदकिशोरने आपलं पूर्ण नाव सांगितलं, तारीख सांगितली, किती वाजले होते ते सांगितलं. त्याचा एक शब्द चुकला. उदागावा-साननी तो दुरुस्त करून दिला आणि पुढे बोलायची खूण केली.